दोन मशीनांमध्ये अडकलेली महालक्ष्मी

...आणि चहा सोडायचा नवस करतं का कुणी, तोही दिल्लीच्या थंडीत? यंदा मार्गशीर्ष लागताना मी केला. देवीसमोर हात जोडून म्हणाले, ह्यांच्या तोंडून तुझी पोथी ऐकेन, मगच चहाला शिवेन. तुम्हाला सांगते, तेव्हा वाटलं होतं, होऊन जाईल चार दिवसांत. पुढे कपाळ ठणकायला लागलं आणि वर सगळे मलाच विचारू लागले, वृंदा, तब्येत बरी नाही का?

आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी कायम हेच वाचायचे, विश्वनाथ. असं वाचायचे की समोरची पंजाबी मंडळी, एक अक्षर कळत नसताना, दारात येऊन बसायची. मग काचबिंदूनं नजर नेली. गेल्या वर्षी फरीदाबादहून चंद्रप्रभा वन्सं आल्या, त्यांनी वाचली. वाचली कसली, पळवली. त्यांना मेट्रो गाठायची होती. आणि हे मांडीवर हात ठेवून बसलेले, नुसते ओठ हलवत... ते ओठ मला बघवले नाहीत. मनात म्हटलं, बास. वाचणार तर हेच वाचणार.

मग हे वर्षभर ब्रेल शिकले हो, ह्या वयात. ह्यांच्या ऑफिसातून एक ब्रेल मशीन मिळालं, पोळपाटाच्या निम्मं असेल, त्यावर ठिपक्यांची ओळ वर येते, बोटानं वाचायची, बटण दाबलं की पुढची. आणि दुसरं मशीन आमच्या वेदांतनं आणलेलं, वाकल्या मानेचा कॅमेरा, खाली पान ठेवलं की स्कॅन करून मोठ्यानं वाचून दाखवतं. म्हणजे पोथी ह्याच्यातून काढायची आणि त्याच्यात घालायची, या पातेल्यातलं त्या पातेल्यात, एवढंच ना?

वेदांत म्हणतो, "आई, यार, मशीन स्वतः वाचतंय ना, लाव आणि ऐका." लावलं. देवी म्हातारीच्या रूपात राणीच्या दारात येते, तिथं त्या मशीनमधल्या बाईचा आवाज... मला वाटलं आता मेट्रोतल्यासारखं म्हणेल, कृपया दरवाज़ों से हटकर खड़े हों. मी बंद केलं. म्हटलं, वाचणार तर हेच वाचणार.

मग फोन. कॅमेरावाले म्हणाले, "मॅम, फाइल तो हमारी बिल्कुल ठीक है, इशू उनका है." ब्रेलवाले म्हणाले, "मॅम, उनका फॉरमॅट हम नहीं लेते." अबोला धरलेल्या जावा बऱ्या, निदान हळदीकुंकवाला एकत्र बसतात! शेवटी ह्यांना ब्रेल शिकवणाऱ्या प्रज्ञाताईंनी सांगितलं, "वृंदाताई, कॅमेऱ्यात मजकूर साधा टेक्स्ट म्हणून सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर घ्या, ब्रेल मशीन तो घेईल." हात्तिच्या!

आता देवीचं काम, ते काय कसंही करायचं? गुरुवारी सकाळी न्हाऊन, दोन्ही मशीनांची पूजा केली, फूल वाहिलं, आणि पोथी स्कॅन केली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकूण एक पान, देवीच्या पोथीतलं काही वगळायचं नसतं. पेन ड्राइव्ह लावला. हे बोट फिरवताहेत, फिरवताहेत... म्हणाले, "अगं, राणी म्हणते आहे टटळ कक ढ."

पुन्हा फोन. दोन्हीकडे सांगितलं, आमची देवी असं बोलत नाही. तासभर भांडले, तेही हिंदीत. मग हे हळूच म्हणाले, "वृंदा, मशीनची पूजा केलीस?"

"मग? नवी वस्तू तशीच वापरायची?"

"कुंकू कुठे लावलंस?"

"कपाळाला. म्हणजे... पुढे ती गोल काच आहे ना, तिला."

हे एवढे हसले, एवढे हसले, नजर गेल्यापासून असे हसले नव्हते. मी पदरानं काच पुसली आणि सगळी पोथी परत स्कॅन केली.

शेवटचा गुरुवार. घर भरलेलं. वन्सं आपली पोथी पर्समध्ये घेऊनच आलेल्या, म्हणे, असू दे, अडलं तर. अडलं नाही. ह्यांचं बोट चालत होतं आणि तोच आवाज, तसाच, सावकाश. समोरची मंडळी दारात. वन्संनी पर्सची चेन लावली आणि नाक पुसलं. मी गॅसवर आलं घालून चहाचं आधण ठेवलं. देवी राणीला प्रसन्न झाली, सर्वांचं कल्याण झालं... मी कप काढले.

आणि हे पुढे वाचताहेत. "केस गळतात काय? अकाली पिकतात काय? सर्वांगसुंदर केशतेल वापरा."

मागचं पान हो! जाहिरातीचं! एकूण एक पान स्कॅन केलं होतं ना मी. ह्यांना काय माहीत, बोटाखाली येईल ते त्याच भक्तीनं वाचताहेत, सगळ्यांचे हात जोडलेले, आणि शेजारच्या कौशल्यावहिनींनी तर "मुळांपासून काळेभोर" ऐकून अक्षता वाहिल्या. थांबवू कशी? मीच म्हटलं होतं ना, वाचणार तर हेच वाचणार. आणि पोथी संपल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. उकळून उकळून काढा झाला.

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगते, तुम्हीही असंच करा. घरात कुणाची नजर गेली असेल तर त्यांचं वाचन उचलून दुसऱ्याला देऊ नका. मशीनं आणा, भांडा, या पातेल्यातलं त्या पातेल्यात घाला. पूजाही करा, फक्त कुंकू काचेला नको. आणि नवस जरूर बोला...

पण सोडायचंच असेल तर कारलं सोडा.