तिच्या आवाजाची सेटिंग

—नाही नाही, बसा, उभ्यानं नाही व्हायचं हे. ती खुर्ची नको, ती करकरते. हां. तर हा कंप्रेसर, चढलेला आवाज दाबणारा. तुम्हीही याच धंद्यातले, तुम्हाला मी काय शिकवणार — पण आमच्या हिनंच पाठवलंय म्हटल्यावर सांगायला हवं. काय म्हणाली नेमकं? ‘ह्यांच्याकडून माझ्या आवाजाची सेटिंग लिहून आणा’? असंच? म्हणजे पुस्तकं वाचायला स्टुडिओ तुमचा, अन् बटणं नवऱ्याची. छान आहे. सकाळी माझा डबा भरताना नाही बोलली काही. असो. लिहा.

हे थ्रेशोल्ड. आवाज या रेषेच्या वर गेला की मशीन त्याला दाबायला लागतं, खाली असला तर हात लावत नाही. भांडणाचा प्रसंग आला की तिचा आवाज एकदम चढतो — पुस्तकातल्या भांडणात हो, घरात नाही चढवत, घरात गप्प बसते, ते जास्त वाईट. उणे अठरावर ठेवा. रेशो म्हणजे दाबायचं किती. तीनास एक — रेषेच्या वर तीन गेली तर एकच बाहेर येणार. चारावर नेऊ नका, बातम्या सांगितल्यासारखी वाटते. अटॅक म्हणजे किती चटकन दाबायचं. तो जरा संथ हवा, नाहीतर तिचे ‘ट’ बोथट होतात. अन् तिचे ‘ट’ ऐकलेत ना तुम्ही? कुणाला जमत नाहीत तसे. रिलीज म्हणजे सोडायचं कधी. घाईनं सोडलंत तर मागच्या पंख्याचा आवाज भसकन वर येतो. तुम्ही काय ठेवता? — काहीच नाही? नुसता माइक? वा! म्हणूनच ते प्रकाशकांचं पत्र आलं वाटतं, ‘या वेळी वाचनात जीव आहे’ म्हणून. या वेळी! अकरा वर्षं, बेचाळीस पुस्तकं, मी काय मढं रेकॉर्ड करत होतो?

राग नाही हो. राग कसला. लिहा, लिहा. हे नॉइज गेट. याचं उलटं काम — कंप्रेसर मोठ्याला दाबतो, हे बारीकसारीक गाळतं. रेषेच्या खाली जे असेल ते बंद. पंखा, खुर्ची, पान उलटणं, श्वास. दोन वाक्यांच्या मधे कशी काळीभोर शांतता! लोक नाव घ्यायचे माझ्या शांततेचं. तुमच्याकडे कुठली शांतता? ऐकलंय मी. तपासायला तिला कच्चं रेकॉर्डिंग पाठवता ना, ते. हो, चोरून ऐकलं, ती आंघोळीला गेल्यावर. तर तिसऱ्या प्रकरणात तिचं वाक्य चुकतं, अन् ती हसते. बारीक, नाकातल्या नाकात. पुन्हा चुकते, पुन्हा हसते. डोकंच फिरलं माझं. विचारलं तोंडावर, तिकडे बरं हसू फुटतं? तर म्हणाली, ‘तुमच्याकडेही हसायचे की. दर वेळी. चुकले की तुमच्याकडे बघून हसायचे.’ खोटं वाटलं मला. सगळ्या टेपा काढल्या, दोन दिवस ऐकल्या. नाही. कुठेच नाही. ‘बघ, नाहीये,’ म्हटलं. अन् पुढच्याच आठवड्यात तिनं पुढची मोठी कादंबरीही तुम्हालाच दिली.

मग लक्षात आलं. गेट लावूनच रेकॉर्ड करायचो ना मी. लोक नंतर लावतात, मी आधीच — मागाहूनची साफसफाई वाचते. हेडफोनमध्येही गाळलेलंच यायचं. तेवढं बारीक हसणं टेपवर गेलंच नाही, माझ्या कानावरही नाही. काचेपलीकडे समोर बसायची की, दिसायला हवं होतं, असं म्हणाल तुम्ही. दिसलं असतं. पण मी मीटरच्या सुईकडे बघत असायचो. वाक्य थांबल्यावर सुई हलत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय.

ही पुढची कादंबरी मला हवी होती हो. तिनं पुन्हा इथं बसावं असं फार वाटतं. एवढं तिला— नको, तिला काही सांगू नका. एक सांगा मला. ती तशी हसते तेव्हा तुम्ही काय करता?

तुम्हीही हसता?

बरं. झालं लिहून? कागद घ्या अन् या आता.