दोन वर्षं स्टेशनवर

छंद माणसं जोडतो, अशी माझी श्रद्धा आहे. दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा अंगठा आणि तर्जनी खेळण्यातल्या रेल्वेच्या छंदाने आणि थोड्या फेविक्विकने जोडली होती. मध्ये अडकली होती पेराएवढी प्लॅस्टिकची बाई. पलीकडे त्यांची बायको.

“ही कोण?”

“तूच. अख्खं गाव केलंय ना मी टेबलावर.”

“मग माझ्या हातात बॅग कशाला?”

“स्टेशनवर उभी होतीस.”

“कधीपासून?”

“झाली असतील दोन वर्षं.”

“अगंबाई! आणि तुम्ही?”

“मी इंजिनात.”

“म्हणजे रोज माझ्यासमोरून जाता आणि गाडी थांबवत नाही?”

“थांबवली तर तू बसून जाशील.”

“जाऊन जाऊन जाणार कुठे? टेबलाला वळसा घालून परत तुमच्यापुढेच!”

“म्हणून तर आज तुला घरी न्यायला उचललं. घराला दार नव्हतं, ते काल बसवलं.”

“आत जागा आहे का पण?”

“आहे की. जरा वाकून उभं राहावं लागेल.”

“त्याची सवय आहे. बघू... नाक बरं जमलंय हो.”

नर्सने औषध लावलं, बोटं सुटली. बाई अंगठ्याला राहिली, बॅग तर्जनीला.