पणजीची किटली

ओरेगनमधल्या त्या कॉलेजच्या गावात पहिल्या वसाहतकारांच्या एका घराचं संग्रहालय केलं होतं. तिथं माहिती सांगणाऱ्या डोरिंडाच्या कानावर दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं पडलं.

"एडिथताई, ही आपल्या पणजीची चिनी मातीची किटली! पाटीवर काय लिहिलंय गं? माझा चष्मा गाडीत राहिला."

"'१८५२ साली नदी ओलांडताना गाडी उलटली आणि किटली फुटली.'"

"कसली नदी नि कसली गाडी! आपल्या स्वयंपाकघरात फुटली ही. आजीनं मला दोन रट्टे दिले होते!"

"हळू बोल, विल्मा."

"कुणी लिहून दिलं हे?"

"मीच. किटली इथं दिली तेव्हा. विल्मा, साठ वर्षं सांगीन म्हणतेय. ती मीच फोडली होती."

"माहितीये. टेबलाखाली बसून पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"टेबलाखाली काय करत होतीस, असं आजीनं विचारलं असतं. मी पाहुण्यांचा अख्खा केक खात होते. त्याचे चार पडले असते."

हसू दाबत डोरिंडा पुढे झाली. "मावशी, पाटी बदलायची का?"

एडिथनं खाली मान घातली. विल्मानं तिचा हात धरला.

"राहू दे, पोरी. नदीला कोण रट्टे देणारे?"