मंगळावरचे दगड

मंगळावर ती गाडी उतरली ना, तेव्हाची गंमत ऐका. मालवणच्या सायबर कॅफेत आम्ही तिघे एकाच स्क्रीनला चिकटलेलो. फोटो वरून खाली, इंचाइंचाने उमटत होता. आधी आकाश, मग तांबडी जमीन, मग दगडच दगड!

"आयला, हो तर आमचो कातळाचो सडो!" सुध्या खुर्चीवरून उठलाच.

"थंय कोण रवता काय रे?" मी विचारलं.

बाबल्याची तेव्हा सख्ख्या भावाशी, दोन बागांमधल्या दगडी गडग्यावरून कोर्टात केस चाललेली. त्याने स्क्रीनला नाक लावून नीट पाहिलं.

"कोण नाय."

"कशावरसून?"

"इतके दगड फुकट पडले आसत आणि एक पण गडगो नाय! दोन भाव जरी रवत असते, तर मधी गडगो कधीच उभो रवलो असतो!"