रविवारी चार वाजता

राम घाटावर वडिलांच्या दहाव्याला मृण्मयी गुरुजींची वाट पाहत बसली होती. मागे वडिलांचे दोन जुने विद्यार्थी तिथल्या हिंदीमिश्रित मराठीत बोलत होते. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

“कॉलेज, संशोधन, कमिट्या, पुलांची पाहणी. आपल्या वह्यांसाठी सरांकडे रविवारच उरायचा.”

“घरी बोलावून एकेक आकडा तोंडी विचारायचे. माझा तर पसीना छुटायचा, भिया.”

“पण चारला पेन खाली. ‘निघा आता, लेकीची वेळ झाली.’”

“एकदा मी चप्पल शोधत रेंगाळलो. लेक केव्हाच मैत्रिणीकडे निघून गेली होती.”

“मग?”

“सर म्हणाले, ‘तिला वाटलं असेल, मी कामात आहे.’ आणि माझी वही परत उघडली.”

गुरुजींनी विचारलं, “प्रोफेसरसाहेबांच्या घरचं कोण आहे?”



“मी आहे,” मृण्मयी म्हणाली.