ठमीचं माहेरपण

लेक : बाबा, सलाईनची बाटली खाली नका घेऊ. वर धरा. आणखी वर.

बाबा : हात भरून आला गं. डॉक्टरीणबाई, मी माणूस आहे, खांब नाही.

लेक : मग त्या खुंटीला अडकवा. आणि आता खरं सांगा. ठमीने खाणं कधी सोडलं?

बाबा : सोडलं असं नाही. कमी केलं. व्यायल्यावर गाय जरा नखरे करतेच.

लेक : कधीपासून?

बाबा : व्याली तेव्हापासूनच म्हण. पण दूध काय देत होती! बादली भरून वर फेस. मी म्हटलं, आजारी गाय कुठे एवढं दूध देते?

लेक : हाच आजार असा आहे, की देते.

बाबा : आणि तोंडाला वास कसला गोड यायचा! पिकल्या फळासारखा. मी मुद्दाम नाक लावून बघायचो. म्हटलं, उसाची मळी घातली ती अंगी लागली.

लेक : तो मळीचा वास नव्हता, बाबा. तिच्या अंगातली चरबी वितळत होती. त्याचा वास होता तो.

बाबा : आता हे मला कसं कळणार?

लेक : नाहीच कळणार. म्हणून तर व्यायच्या आधी ती आटली तेव्हा मी फोन केला होता. म्हटलं होतं, आता दूध बंद आहे, खुराक कमी करा, साधी वैरण घाला. तुम्ही हो म्हणालात.

बाबा : हो म्हणायला काय जातं? फोनवर तू कायम घोड्यावर बसलेली. हो म्हटलं की लवकर सुटतेस.

लेक : किती घालत होता?

बाबा : मोजून घालायला माझं काय औषधाचं दुकान आहे? मागेल तेवढं. भरडा, पेंड, वर मळी. काय अंग धरलं होतं! पाठीवर पाट मांडून जेवायला बसावं अशी झाली होती.

लेक : बाबा, मी सांगूनसुद्धा?

बाबा : अगं, आटलेली गाय म्हणजे माहेरी आलेली लेक. एरवी आपण तिला सकाळ-संध्याकाळ पिळून काढतो. तेवढेच दिवस तिच्यामागे कुणी बादली घेऊन येत नाही. माहेरपणाला आलेल्या पोरीच्या ताटातलं काढून घ्यायचं? मला नाही जमलं.

लेक : माहेरपण म्हणे!

बाबा : तू आली असतीस तर तुझं केलं असतं. तू आली नाहीस. तिचं केलं.

लेक : ते आत्ता नको.

बाबा : नको तर नको. हिला झालंय काय ते सांग. मला कळेल असं सांग.

लेक : तुम्ही इन्सुलिन घेता ना?

बाबा : रोज टोचून घेतो. हिलाही साखर झाली की काय?

लेक : उलटं. हिच्या रक्तात साखर उरलीच नाही. गाय व्याली की तिचं शरीर इन्सुलिन आपणहून कमी करतं. इन्सुलिन म्हणतं, अंगात साठव. पण तेव्हा साठवायचं नसतं, सगळी साखर कासेकडे पाठवायची असते. मग दुसरं एक हार्मोन चरबीला सांगतं, तू सूट, आता घर तू चालव. सगळ्याच गायींचं असं होतं. थोडे दिवस अंगावरचं खातात आणि सावरतात.

बाबा : मग हिचंच काय बिघडलं?

लेक : बेताच्या अंगाची गाय असली की चरबी बेताने सुटते. हिची धो धो सुटली आणि सगळी यकृतावर येऊन पडली. तिथे ती धड जळेना. रक्तात विष चढलं, भूक मेली. भूक मेली म्हणून आणखी चरबी सुटली. ती खाल्लेल्याचं दूध देत नव्हती, बाबा. स्वतःच्या अंगाचं देत होती.

बाबा : आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत काढत होतो.

लेक : हं.

बाबा : मग टोच की इन्सुलिन! माझं आहे फ्रीजमध्ये. आणू?

लेक : सकाळी दिलं मी. साखरेबरोबरच दिलं. एवढं लठ्ठ अंग इन्सुलिनचं ऐकत नाही.

बाबा : माझंही ऐकत नाही म्हणतात. माझ्यावरच गेली म्हणायची.

लेक : तिची पापणी ओढून बघा.

बाबा : पिवळी दिसतेय.

लेक : सकाळी इतकी नव्हती. आता तिला उठवत नाही. दात खातेय, ऐकू येतंय ना? कळा येताहेत तिला.

बाबा : तू काय म्हणणार आहेस ते कळतंय मला. म्हणू नकोस.

लेक : म्हणावं लागेल.

बाबा : तुझी आई गेल्यापासून मी बोलतो ते हिच्याशीच. ही हंबरते म्हणून सकाळी उठतो. ही गेली तर मला उठवणार कोण? तुला काय, तू डॉक्टर म्हणून आलीस.

लेक : डॉक्टर म्हणून आले असते तर सकाळीच सांगून मोकळी झाले असते. सकाळीच कळलं होतं मला. तरी बाटल्या लावत बसले. त्या तिच्यासाठी नव्हत्या, बाबा, तुमच्यासाठी होत्या. तेवढे तिचे हाल मीच वाढवले.

बाबा : म्हणजे मी तिला खाऊ घालून मारलं.

लेक : काय सांगू तुम्हाला?

बाबा : खोटं सांगू नकोस. आणि खरंही आत्ता नको.

(लेक बॅगेतून इंजेक्शन काढते. बाबा गायीचं डोकं मांडीवर घेतात.)

लेक : तुम्ही बाहेर थांबा.

बाबा : बाहेर जाऊन काय करू? भर तुझी सुई. थांब, जरा थांब. आधी वासरू सोड.

लेक : कशाला, बाबा?

बाबा : तू आज धार काढू दिली नाहीस. ते उपाशी आहे. एकदा पिऊ दे. सुईनंतरचं दूध चालायचं नाही ना?

लेक : नाही, नंतरचं नाही चालायचं. धरते मी त्याला. अरे, इकडे ये. हं, लागलं ओढायला.

बाबा : येतंय का काही?

लेक : येतंय.

बाबा : बघ. अजून देतेय.