साधना गाडीत चढली न्हाई

न्हाई न्हाई, तिची कडी नका वाजवू ताई, इकडं या — माझ्या ओट्यावर बसा आधी, ऊन काय कमी हाय का. सकाळपासून बगून राह्यले मी तुमाला, त्या छातीच्या तपासणीच्या गाडीतून उतरता, गल्लीत येता, बाया घेऊन जाता, पुन्हा येता. पाणी घ्या. साधनाचं विचारायला आल्या ना? गल्लीतल्या सगळ्या बाया झाल्या, हीच का राह्यली — आसंच ना? मंग मला विचारा. मी बेबीनंदा, भिंतीला भिंत लागून घर हाय आमचं, तिच्या चुलीवर काय शिजतंय ते माझ्या नाकाला आधी कळतंय. लोक म्हणतेत बेबीनंदाला लई चौकश्या. म्हणू द्या. चौकशी केल्याबिगर माणसाचं कळतंय का कुठं?

काय? बाईची तयारीच न्हाई म्हणला तुमचा डायवर? वा रे वा. सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, सगळ्यात आधी त्या गाडीपाशी कोण गेल्तं? साधनाच गेल्ती — तीनचाकी सायकल हातानं चालवत, मी मागून ढकलत. दोन्ही पाय पोलिओनं गेले तिचे, लहानपणीच. हाताच्या मशीनवर ब्लाऊज शिवती, आख्ख्या गल्लीचे, कुणापुढं हात पसरलेला न्हाई. आणि गाडीपाशी बगतो तर काय — लोखंडी पायऱ्या, एवढ्या उंच की माझेच गुडघे कुरकुरले. आतली पोरगी मला म्हणती, मावशी, मशीन खाली बी घेता येती, खुर्चीवर बसून बी फोटो निघतो. आता बगा — मशीन वाकायला तयार हाय, आणि पायरी तयार न्हाई. एमआयडीसीत बियाण्याची पोती टेम्पोत चढवायची तर फळी लावतेत. पोत्याला फळी हाय ताई, बाईला न्हाई.

मंग तुमचा डायवर म्हणला, त्यात काय, आमी दोघं उचलतो की. त्याच्या मनात काय वाईट नव्हतं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तुमीच सांगा — चाळिशीच्या पुढची बाई, काखेत परक्या माणसाचा हात, पायाला दुसऱ्याचा, पातळ कुठं, पदर कुठं, आणि सगळी गल्ली बगून राह्यली. आणि हे कशासाठी, तर छाती दाखवायला. तुमी गेल्या आसत्या का? मी तर न्हाई. तिनं काय केलं? हासली. म्हणली, दादा, लहानपणी बाप उचलायचा, त्याला वजन कमी लागायचं, आता मी लई जड झाले. आणि सायकल वळवून घरी आली. आल्यापासून दार लावून बसली. तुमच्या डायवरला ते तयारी न्हाई वाटलं.

मोठ्या दवाखान्यात न्या म्हणता? अव नेल्तं की, मागल्या उन्हाळ्यात, तिथं आशीच फुकट तपासणी होती तवा. आटो करून, मीच नेल्तं. तिथं उतार हाय बरं का, सिमेंटचा, झकास — त्यावर मोटरसायकली लावलेल्या. त्या हटवायला सांगून सांगून माझा घसा बसला. आत गेलो तर ती फोटोवाली म्हणती, उभं राहा. म्हणलं, ती उभी राहत न्हाई. तर म्हणती, थोडा वेळच राहायचंय. आता थोडा वेळ पाय कुठून आणायचे, उसने? मंग बसून काढायचं तर मोठ्या म्याडमला विचारावं लागंल, आणि म्याडम जेवायला गेलेल्या. बसलो. दिवस कलला तसं म्हणले, उद्या या. उद्याचा खर्चा कोण देतंय? आधी अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतेत. नाव बदललं, पायरी तीच. आणि तुमचा तो भोंगा काय ओरडून राह्यला काल — सर्व महिलांनी लाभ घ्यावा. सर्व म्हंजी कोण? पायवाल्या, आसं म्हणा की बराबर.

घरचे? भाऊ हाय, धम्मपाल, जीव लावतो बिचारा. भावजय प्रीती, ती बी वाईट न्हाई, पण तिचं डोकं बगा — ती म्हणती, ताईचं लग्न न्हाई, लेकरू न्हाई, कधी पाजलं न्हाई, त्यांना छातीचा आजार कुठून होणार? मला बी ते बराबर वाटलं… काय म्हणता? उलट हाय? लेकरं न झालेल्या बाईला जास्त भ्या? आईगं. हे तर आमाला कुणीच न्हाई सांगितलं. म्हंजी मंग ते तिचं — न्हाई, काय न्हाई. चहा टाकू का? ह्या उन्हात चहा नको म्हणता, बरं.

आसं नका बगू माझ्याकडं. मी काय बी म्हणले न्हाई.

आता काय करावं बाई — माझ्या पोटात काय राहत न्हाई, हे गल्लीला ठाऊक हाय आणि तरी लोक मलाच सांगतेत. बगा, आमची कपडे वाळत घालायची दोरी एकच हाय. दिवाळीच्या आसपास तिचा निळा ब्लाऊज वाळत घातलेला, आणि मी बगितलं — डाव्या अंगाची शिवण उसवून सैल केलेली. एकाच अंगाची. दुसऱ्याचा ब्लाऊज सुताएवढा बी वाकडा न होऊ देणारी बाई स्वतःचा वाकडा कशाला शिवंल? मंग मी माप द्यायचं निमित्त काढून गेले आणि तोंडावरच विचारलं. आधी उडवून लावलं. मंग तिनंच माझा हात धरला आणि लावला तिथं. गाठ हाय ताई. चिंचोक्याएवढी होती तवा. आता मोठी झाली.

ओरडू नका माझ्यावर, मला कळतंय. मी रोज म्हणते तिला. ती म्हणती, वैनी, धम्याला सांगशील तर तो माणसं गोळा करंल, पोत्यासारखं उचलून नेतील मला, मी आडवी पडून त्यांच्या टकुऱ्यांकडं बगत राहायचं — त्यापरीस मरण बरं. आन घातली मला. मंग मी तिलाच दटावलं, की गाडी येणार हाय आपल्या गल्लीत, घरापाशी, तिथं तरी चल. लई मिनतवारीनं तयार केल्तं ओ. माझ्या भरवशावर न्हाली, नेसली, आली. आणि मी तिला कुठं नेऊन उभी केली — त्या पायरीपाशी. आता ती माझ्याशी बोलून बी न्हाई राह्यली. आमचे सर्जेराव मिलमधून आले की जेवतेत आणि झोपतेत, दिवसभर माझ्याशी बोलतंय कोण? तीच. तिला काय झालं तर मी भिंतीशी बोलू का?

आँ? हातानं? तुमी हातानं तपासू शकता — हितं, घरात, तिच्या खाटेवर? पायऱ्या न्हाईत, मशीन न्हाई, काय न्हाई? आणि हे तुमी दुपार कलल्यावर सांगून राह्यल्या? सकाळी पायरीपाशी त्या डायवरच्या जागी तुमी आल्या आसत्या तर?

बरं. आणि गाठ लागली हाताला, मंग पुढं? फोटो लागंलच ना. मोठ्या दवाखान्यात बसून काढतील का? फोन करून विचारा आत्ताच, माझ्यासमोर. उचलायचं न्हाई म्हणावं — सायकलवरून ती स्वतः खुर्चीवर सरकती, हातात लई ताकद हाय तिच्या, फक्त खुर्ची जवळ लावा, आणि धरा म्हणली तरच धरा. एवढंच सांगा त्यांना.

…न्हाई उचलत फोन? लावा पुन्हा.

ऱ्हाऊ द्या मंग, उद्या लावा, पण लावा. आता जावा तिच्याकडं. कडी वाजवा, नाव सांगा, आणि आत येऊ का म्हणून विचारा — ती हो म्हणंस्तोवर उंबऱ्यातच थांबा. मी न्हाई येत. मी संगं दिसले की ती वळखंल तुमाला कुणी सांगितलं ते. जावा ताई. उठा आता.